जवळचं पहिलं सापडतं

आमच्या क्लासात एक सर होते. बाहेर पाऊस पडतोय असं कुणी सांगितलं तर ते आधी खिडकीपाशी जात, हात बाहेर काढत, तळवा ओला झालेला बघत आणि मग म्हणत, "हाव, पडून राहिलाय." सांगणारा डोक्यापासून पायापर्यंत भिजून समोर ठिबकत उभा असला तरी यात बदल होत नसे.

पोरांनी त्यांचं नाव पाडलं होतं तसदीक सर. तसदीक म्हणजे पडताळा, खातरजमा. निजाम गेला, त्याच्या कचेऱ्या गेल्या, हा शब्द मात्र आमच्याकडच्या लोकांच्या तोंडात राहून गेला. सर मूळ नांदेडचे. आजोबांपासूनचं कापडाचं दुकान, बाकीची सगळी भावंडं गजपट्टी घेऊन त्यात बसलेली. हे एकटेच गणित शिकले, तिथल्या कॉलेजात काही वर्षं शिकवलं, आणि लातुरात गल्लोगल्ली क्लासेसच्या पाट्या लागायला लागल्या तेव्हा आमच्या मालकांनी त्यांना कॉम्प्युटर विभागासाठी उचलून आणलं. मालक म्हणजे पाटीवरचे संचालक. मी तिथं वनस्पतिशास्त्र शिकवत असे.

या तसदीकनं सरांनी आम्हाला जेरीला आणलं होतं, आणि याच तसदीकपायी जळकोटच्या एका मुलीचं शिक्षण बंद होता होता राहिलं. बंद व्हायला निघालं तेही सरांमुळं आणि राहिलं तेही सरांमुळं. त्यामुळे त्यांच्यावर रागवावं की त्यांचं कौतुक करावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

फोन करण्याची त्यांची एक पद्धत होती. स्वतः नंबर फिरवायचे आणि पलीकडून 'हॅलो' आलं की दरडावून विचारायचे, "कोण?" लोक भडकायचे. सरांचं म्हणणं, "मी बरोबर जागी लागलो का न्हाई, हे मला कसं कळावं?" त्यांच्या बेगम एकदा ईदच्या शिरखुर्म्याला आम्हा बायकांना बोलावून सांगत होत्या, "लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून फोनवर मला माझ्या अब्बांचं नाव विचारतात. एकदा वैतागून मी मुद्दाम वेगळंच नाव सांगितलं. यांनी फोनच ठेवून दिला. थोड्या वेळानं घामाघूम होऊन दारात! म्हणाले, घरात कोण शिरलंय?" आम्ही हसून लोटपोट झालो. सर आतल्या खोलीत होते, त्यांनी तिथूनच ओरडून सांगितलं, "आणि मी आलो तेव्हा तिनं बी इचारलं न्हाई कोण हाय म्हणून. सरळ दार उघडलं."

रिक्षावाल्याला ते कधी 'गंजगोलाईच्या बाजाराजवळ' असं सांगत नसत. जवळ हा शब्दच त्यांना खपत नसे. गल्ली, घर, कुठल्या बाजूचा जिना, सगळं सांगायचे, आणि उतरल्यावर तेच पुन्हा पाटी वाचून बघायचे.

'जवळ'वर एवढा राग का, याची एक गोष्ट ते दर वर्षी नव्या शिक्षकांना सांगत. नांदेडला त्यांच्या कॉलेजातल्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. लग्नसराईचे दिवस. एकाच रस्त्यावर भिंतीला भिंत लागून दोन मंगल कार्यालयं. सर रिक्षातून उतरले, पहिलं दार दिसलं, आत शिरले. दारात अत्तर लावलं, गुलाबपाणी शिंपडलं, कुणीतरी हाताला धरून पंगतीला बसवलं. यांनी आग्रहाखातर दोनदा बुंदी घेतली, आहेराचं पाकीट नवरदेवाच्या हातात दिलं, फोटोही काढून घेतला. बाहेर पडले तर शेजारच्या मांडवाच्या दारात तो सहकारी उभा. "सर, या या, केव्हाची वाट बघून राहिलो!" सरांना पुन्हा जेवावं लागलं.

"आता यात फसवलं कोणी?" सर विचारत. "कोणीच न्हाई. मांडव खरा, नवरी खरी, बुंदी बी चांगली होती. चूक एकच. मी 'लग्न' शोधत गेलो, आणि जवळचं पहिलं लग्न सापडलं. कॉम्प्युटर असंच करतो, मॅडम."

कॉम्प्युटर काय करतो ते मला सरांनीच समजावलं, आणि माझ्यासारख्या बाईला समजलं म्हणजे कुणालाही समजेल. आमचे पेपर काढायचा प्रोग्राम त्यांनी पायथन नावाच्या भाषेत लिहिला होता. अशा भाषांमध्ये सगळं स्वतः लिहावं लागत नाही, पुष्कळसे तयार तुकडे भाषेबरोबरच येतात. 'अमुक नावाचा तुकडा आण' एवढं लिहायचं, की कॉम्प्युटर तो शोधून आणतो. पण शोधतो कुठं? तर सगळ्यात आधी जिथं तुमचा प्रोग्राम ठेवलाय त्याच फोल्डरमध्ये. तिथं त्या नावाचं काही मिळालं की खूश. दूरच्या कपाटातलं अस्सल बघायला तो जातच नाही. नव्या माणसाला आपले स्वतःचे तुकडे पटकन वापरता यावेत म्हणून ही सोय केलेली.

"सोय कुणाची?" सर बोट वर करत. "तुमची. आणि जो कोणी त्या फोल्डरमध्ये काही ठेवून जाईल त्याची बी. नाव म्हणजे कपडे हायत मॅडम, कोण बी घालतं."

म्हणून सरांनी पेपरचा प्रोग्राम आपल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर अशा फोल्डरमध्ये ठेवला होता की त्यात दुसऱ्या कुणाला टाचणीही ठेवता येऊ नये. तो चालवायचा तर आधी खोलीचं कुलूप, मग कपाटाचं, मग एक पासवर्ड, जो आमच्या पेपर टाइप करणाऱ्या काकांच्या शब्दांत 'मारुतीच्या शेपटीएवढा' होता. वर प्रोग्रामचा ठावठिकाणा मुळापासून शेंड्यापर्यंत टाइप करायचा. एक अक्षर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

काका उदगीरचे. वयानं सरांपेक्षा मोठे, टायपिंगचे चॅम्पियन, आणि स्वभावानं फार गोड माणूस. त्यांना उतारवयात पायथन शिकायची हौस आली होती आणि सर दुपारी त्यांना शिकवत. मोठी प्रेमळ शिकवणी चालायची. सर म्हणत, "काका, तसदीक करा." काका म्हणत, "हाव की." आणि करत नसत. काकांची सगळी कामं ज्या फोल्डरमध्ये चालत तो सगळ्यांचाच होता. माझे पानाफुलांचे फोटो, मालकांची जाहिरात, कुणाच्या तरी बारशाचं आमंत्रण, सगळं त्यातच. सर त्या फोल्डरला 'बसस्टँड' म्हणत आणि तिकडं बघतही नसत.

त्या उन्हाळ्यात मालकांनी एक निवड परीक्षा ठेवली. वरच्या काही मुलामुलींना क्लास आणि वसतिगृह, दोन्ही फुकट. लातूरच्या मोठ्या भूकंपानंतर आमच्या भागातल्या आईबापांना एक गोष्ट पक्की कळली होती, की घर पडतं, शिकलेलं पडत नाही. परीक्षेला ही गर्दी! बाहेर लिंबाखाली आईबाप डबे उघडून बसलेले. तिथं जळकोटहून आलेला एक शिंपी माझ्याशी बोलला. मुलगी आत पेपर लिहीत होती.

"बाई, हिला फुकट जागा लागली तर ठेवतो," तो म्हणाला. "न्हाई लागली तर देवणीला मावशीकडं धाडणार. मावशीचा शिवणाचा क्लास हाय. इथला खर्च मला झेपत न्हाई, उगं खोटं कशाला बोलू."

"हुशार आहे का?" मी विचारलं.

"ते मला काय कळतंय? पण लई प्रश्न इचारती. डोकं उठतंय." त्याच्या बोलण्यात वैताग होता आणि अभिमानही होता.

परीक्षा झाली आणि सर नांदेडला गेले. त्यांच्या अम्मीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. जाताना काकांना किल्ल्या दिल्या, पासवर्ड तोंडी पाठ करून घेतला, आणि तसदीक म्हणून पुन्हा एकदा म्हणून घेतला. काकांनी तो घडाघडा म्हटला आणि सरांची एसटी स्टँडाबाहेर पडेपर्यंत विसरूनही गेले.

मालकांना निकाल तातडीनं हवा होता. काकांनी पासवर्डाशी सकाळभर झटापट केली. मग त्यांना आठवलं की प्रोग्रामची एक जुनी प्रत सरांनीच त्यांना अभ्यासाला म्हणून दिलेली आहे. ती त्यांनी बसस्टँडमध्ये टाकली आणि तिथूनच चालवली. फटक्यात निकाल लागला. काका म्हणाले, "एवढंच काम होतं, त्याला एवढी कुलपं!" आम्हालाही पटलं.

आता घोटाळा कुठं झाला ते सांगते. शेजाऱ्याची नक्कल होऊ नये म्हणून त्या पेपरचे चार संच होते. प्रश्न तेच, क्रम निराळा. हा क्रम पिसायला भाषेबरोबर येणारा रँडम नावाचा तयार तुकडा वापरलेला. एक ठराविक आकडा दिला की तो दर वेळी तस्साच पिसतो, त्यामुळे तपासताना प्रोग्राम तोच क्रम पुन्हा काढून उत्तरं जुळवत असे. आणि काकांच्या फोल्डरमध्ये त्यांचा स्वतःचा एक रँडम होता! सरांनी शिकवणीत घरचा अभ्यास दिला होता, की पिसायचा तुकडा स्वतः लिहून बघा, आणि मूळच्याशी ताडून पाहता यावा म्हणून आत-बाहेर सगळी नावं तीच ठेवा. काकांनी आज्ञाधारकपणे तो लिहिला होता, पत्ते पिसतात तसा, अर्धे उचलून मधे घालायचे. कॉम्प्युटरला पायाशी रँडम सापडला. त्यानं काकांच्या पद्धतीनं पिसलं आणि त्या क्रमानं पोरांची उत्तरं तपासली. पहिला संच न पिसलेला असल्यामुळे तेवढा बरोबर निघाला. बाकीच्या तिन्ही संचांतल्या मुलांची बरोबर उत्तरं चूक ठरली.

आम्ही कुणीच यादीत खाली बघितलं नाही. वरची नावं छान दिसत होती, मालकांनी ती जाहिरातीला दिली, ज्यांनी फोन केले त्यांना ऑफिसातून निकाल सांगितला गेला. जळकोटच्या शिंप्याला सांगितलं, नाही लागलं.

सर परत आले. त्यांनी निकाल हातात घेतला, बॅगसुद्धा खाली ठेवली नाही आणि विचारलं, "निवडलेले सगळे पहिल्याच संचाचे कसे?"

मालक म्हणाले, "योगायोग."

"गणितात त्याला दुसरं नाव हाय," सर म्हणाले आणि खोलीत गेले. ते बाहेर आले तेव्हा मूळ प्रोग्रामनं काढलेला खरा निकाल त्यांच्या हातात होता. पहिलं नाव शिंप्याच्या मुलीचं होतं.

मला वाटलं होतं, आता सर काकांना सोडत नाहीत. काका तर कोपऱ्यात रडायच्या बेतात उभे होते. पण सर त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "काका, तुमचा तुकडा चांगला चालला. मार्क देतो तुम्हाला." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "चूक माझी हाय. मी सरळ रस्ता एवढा अवघड करून ठेवला की शहाण्या माणसानं आडरस्ता धरला. आणि आडरस्त्यावर तो दगड बी मीच ठेवायला लावला होता." एवढं सरळ कबूल करणारा माणूस मी क्लासेसच्या धंद्यात दुसरा पाहिला नाही.

मालक निकाल बदलायला तयार नव्हते. जाहिरात छापायला गेलेली. सर म्हणाले, चुकलेलाच निकाल ठेवायचा तर जाहिरातीतून माझा विभाग काढा आणि नोकरीवरून मलाही. शेवटी मालक म्हणाले, "करा काय करायचं ते. पण वसतिगृहात खाट वाढणार नाही, आधीच सांगतो." सरांनी बाकीच्या मुलांच्या घरी फोन लावले, अर्थात आईवडिलांची पूर्ण नावं विचारून. शिंप्याकडे फोन नव्हता. तो स्वतः बूथवरून करायचा. मुलगी उद्या देवणीला जायची असली तर? सर म्हणाले, मी जातो. मालकांनी मला बरोबर धाडलं, मुलीच्या घरी जायचं तर एक बाई असावी म्हणून.

उदगीरपर्यंत एसटी, पुढं काळी-पिवळी जीप. एसटीत मी त्यांना छेडलं, "सर, एवढं काय? फोन करून निरोप ठेवला असता कुणाकडं तरी."

त्यावर त्यांनी सांगितलं. भूकंप झाला तेव्हा ते नांदेडहून पोरांची तुकडी घेऊन मदतीला आले होते. पत्र्याच्या शेडमध्ये एक म्हातारं जोडपं होतं, त्यांचा तरणा मुलगा सापडत नव्हता. सर एका दवाखान्यात गेले. पहिल्याच वॉर्डात नाव पुकारलं, एकानं हात वर केला. सर आनंदानं पळत परत आले आणि म्हाताऱ्यांना सांगितलं, हाय, सुखरूप हाय.

"ती बाई माझ्या पाया पडली, मॅडम. माझ्या आईच्या वयाची. दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन गेलो. तो दुसराच कोणी होता. नाव तेच." सरांनी चष्मा काढला. "मी बापाचं नाव इचारलं न्हाई. गाव इचारलं न्हाई. त्यांचा पोरगा नंतर बी सापडला न्हाई."

त्यांच्या फोनवरच्या 'कोण?'ला आम्ही किती हसलो होतो, ते मला आठवलं.

जळकोटात शिंप्याचं घर सापडायला वेळ लागला नाही. मुलगी दारातच होती. पायाशी गाठ मारलेली पिशवी, देवणीला जायची तयारी. शिंपी मशीन सोडून उठला. सरांनी सुरू केलं. तुझं पूर्ण नाव? वडिलांचं? आजोबांचं? गाव? शाळा? बैठक क्रमांक? मुलगी पटापट उत्तरं देत होती. शिंपी कावला. "आवं, पोरगी म्होरं हुबी हाय की! किती इचारता?"

सर म्हणाले, "बेटा, तू पहिली आलीयस. निकाल चुकला होता, आमच्याकडून. तुला जागा हाय."

शिंप्याच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं. मुलगी मात्र तशीच उभी. तिनं सरांना खालून वर न्याहाळलं.

"परवा बी तुमच्याच क्लासातून सांगितलं, न्हाई लागलं म्हणून," ती म्हणाली. "आता तुम्ही म्हणता, लागलं. तुम्ही कोण हाव, हे मला काय ठाऊक?"

"अगं ए!" शिंपी ओरडला.

"ओळखपत्र दाखवा की, सर."

सरांनी खिसे चाचपले. चष्म्याचं घर निघालं, तिकिटं निघाली, अम्मीच्या डोळ्यात घालायच्या थेंबांची रिकामी बाटली निघाली. ओळखपत्र नव्हतं. मी पुढं झाले, "अगं, मी तिथं शिकवते. मी ओळखते यांना."

"बाई, तुम्हाला मी बघितलंय परीक्षेला," ती अदबीनं म्हणाली. "पण तुम्ही यांच्याच संगं आलाव ना?"

सरांनी क्लासचा नंबर सांगायला तोंड उघडलं, तशी ती म्हणाली, "तुमच्याकडचा नको. किराणा दुकानाच्या भिंतीला तुमच्या परीक्षेची जाहिरात डकवलीय, त्यावरचा लावते." आणि कोपऱ्यावरच्या बूथकडे गेलीसुद्धा. सर ओट्यावर टेकले. इतकी वर्षं ज्यांनी सगळ्यांना दारात उभं केलं होतं, त्यांना आज कुणीतरी दारात ठेवलं होतं, आणि त्यांच्या तोंडावर मी कधी न पाहिलेलं सुख होतं.

ती परत आली ती हळूहळू चालत. "खरं हाय," वडिलांना म्हणाली. मग सरांकडं वळली. "पण माझ्या जागी जिला घेतलं व्हतं, तिचं काय?"

हे सरांनी विचारलंच नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. "खाट न्हाई म्हणतात," ते म्हणाले.

"तिला बी फोन गेला आसंल ना, लागलं म्हणून? तिच्या घरी आनंद झाला आसंल." मुलगी पिशवीच्या गाठीशी चाळा करत राहिली. "मग तिला काढून मी येणार न्हाई."

शिंप्यानं कपाळावर हात मारला. सर उठले आणि बूथवर गेले. मी मागोमाग. त्यांनी नंबर फिरवला आणि पहिल्यांदाच 'कोण?' न विचारता सरळ बोलायला लागले. मालकांचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता. जागा कुठंय, जागा कुठंय. सर शांतपणे म्हणाले, "माझी कॉम्प्युटरची खोली घ्या. निवडीतून गळालेल्या सगळ्यांच्या खाटा दाटीनं बसतात. कॉम्प्युटर ठेवतो जिन्याखाली." पलीकडून मालकांनी विचारलं, "उघड्यावर?" जिन्याखाली म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा हात लागणार, हे त्यांनाही कळत होतं. "व्हय, उघड्यावर," सर म्हणाले. "मी बसतो जवळ."

आम्ही परत आलो. सर मुलीसमोर उभे राहिले. "दोघी राहणार, आणि आधी लागलेलं दुसरं बी कोणी जाणार न्हाई," ते म्हणाले. "मालकांनी कबूल केलंय."

"नक्की का, सर?"

"नक्की."

तिनं पायात चप्पल सरकवली आणि पुन्हा बूथच्या दिशेनं चालायला लागली.

"आगं, आता काय?" शिंपी ओरडला.

"इचारून येते," ती न थांबता म्हणाली.

सर हसायला लागले. ओट्याचा खांब धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होते, आणि शिंप्याला हातानं खूण करत होते, की तिला अडवू नका, जाऊ द्या, जाऊ द्या तिला.